घरी आणि रूमवर

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूरचा मुलगा नागपूरला निघाला की जाम गावच्या चौकात गाडीची वाट पाहत उभा राहतो. फोन येतो. "कुठं हायेस?" तो सांगतो, "रूमवर चाललो." शनिवारी तोच मुलगा नागपूरहून हैदराबादच्या बाजूला जाणारी गाडी पकडतो, आणि त्याच प्रश्नाला त्याचं उत्तर असतं, "घरी चाललो." झोपणं, जेवणं, कपडे वाळत घालणं हे सगळं दोन्हीकडे होतं. महिन्यातले बहुतेक दिवस तर तो रूमवरच काढतो. तरी नागपूरच्या त्या जागेला तो 'घरी' म्हणत नाही, आणि समुद्रपूरच्या जागेला 'घरावर' म्हणायचं त्याच्या डोक्यातही येत नाही. मराठी माणूस घरावर गेला तर तो कवेलू फेरायला गेला किंवा मोर्चा घेऊन गेला, असंच आपण समजतो.

शहरातल्या निवाऱ्याची गोष्ट मला नेहमी या दोन प्रत्ययांत दिसते. घरांवर पुष्कळ लिहिलं जातं: किती खोल्या, किती चौरस फूट, किती मजले. पण राहणाऱ्या माणसानं ती जागा आपली मानली की नाही, हे त्याच्या तोंडच्या एका अक्षरावरून जितकं कळतं तितकं सात-बाऱ्यावरून किंवा करारनाम्यावरून कळत नाही.

शाळेत विभक्तीचा तक्ता पाठ केला तेव्हा सप्तमीचे प्रत्यय 'त, ई, आ' असे घोकले होते. त्यातल्या 'त'चा पसारा आज मोठा आहे: शाळेत, बाजारात, दवाखान्यात, मुंबईत. 'ई' मात्र आक्रसत गेली. ती जिथं टिकली ते शब्द एकत्र मांडले की एक चित्र उभं राहतं. वेळेचे शब्द आहेत, सकाळी, दुपारी, रात्री. शरीराचे आहेत, हाती, पायी, उरी, डोई. आणि जागांचे म्हणाल तर घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी, आजोळी. मुक्कामी, ठिकाणी असे आणखी थोडे सापडतील, पण मुख्य गोतावळा हाच. भाषेनं जुना प्रत्यय काढून टाकताना जे शब्द हातचे राखून ठेवले ते काळाचे, अंगाचे आणि नात्याचे. घर हा शब्द त्या रांगेत हातापायांच्या शेजारी बसलेला आहे.

'वर'चं घराणं वेगळं. शेतावर, विहिरीवर, कामावर, ड्युटीवर, स्टँडवर, गिरणीवर. इथं माणूस काही कारणानं जातो आणि कारण संपलं की परततो. रूमवर हा शब्द त्या रांगेतला आहे. रूम ही त्या मुलाच्या लेखी कामाची जागा आहे, फक्त तिथलं काम झोपण्याचं आहे.

हा 'वर' आजच्या विद्यार्थ्यांनी शोधलेला नाही. मुंबईच्या गिरणगावात तो त्यांच्या आजोबांच्या पिढीनं वापरला. कामगार पाळी सुटल्यावर खोलीवर जायचा. खोलीवर दहा-वीस जण असायचे, एकाची पाळी सुटली की दुसऱ्याची लागायची आणि वळकट्या पाळीपाळीनं पसरल्या जायच्या. कोकणातल्या कित्येक गावांनी मुंबईत गावकीच्या खोल्या घेतल्या होत्या. गावचा कोणीही माणूस नोकरीच्या शोधात आला की त्याची ट्रंक आधी तिथं उतरायची. जेवायला खाणावळ, पाठ टेकायला खोली, आणि शिमग्याला किंवा गणपतीला घरी. गोव्याच्या लोकांनी अशाच जागा धोबीतलाव-माझगाव भागात उभ्या केल्या. त्यांना ते 'कूड' म्हणत. कोकणीत कूड म्हणजे खोली. आमच्याकडे वर्धा जिल्ह्यात कूड म्हणजे तुरीच्या-पऱ्हाटीच्या काड्यांची किंवा बांबूची, मातीनं लिंपलेली भिंत, आणि तिचा धागा संस्कृतातल्या 'कुड्य' या भिंतीच्या शब्दापर्यंत जातो. गावात माणूस कुडाच्या आडोशाला राहिला, शहरात कुडात राहिला.

नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांना बोलतं करून 'वन हंड्रेड इयर्स, वन हंड्रेड व्हॉइसेस' हे पुस्तक २००४ साली सिद्ध केलं. तोपर्यंत १९८२च्या संपाला बावीस वर्षं होऊन गेली होती, चिमण्या पाडल्या जात होत्या, गिरण्यांच्या जमिनींवर मॉल येत होते. त्या पुस्तकाचं मोल मला असं वाटतं, की त्यात चाळीचं वर्णन चाळीतल्या माणसांकडून येतं. बाहेरून पाहणाऱ्याला चाळीत आधी गर्दी दिसते. आत राहिलेल्याला आधी माणसं आठवतात, मग शाहीर, मग भांडणं, मग गणपती, आणि गर्दीचा विषय निघालाच तर अगदी शेवटी.

आता 'घर' या शब्दाकडे वळतो, कारण तो आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे. संस्कृतात गृह, प्राकृतात घर. बाराव्या शतकात हेमचंद्रानं प्राकृताचं व्याकरण लिहिलं तेव्हा या एका शब्दासाठी त्याला स्वतंत्र सूत्र करावं लागलं: गृहाचं घर होतं, पण पुढे 'पति' आला तर होत नाही. म्हणून गृहपतीचा 'गहवई' झाला, 'घरवई' झाला नाही. हा गहवई आणि त्याची घरिणी 'गाथासप्तशती'त जागोजागी भेटतात. म्हणजे महाराष्ट्री प्राकृत बोलणाऱ्या माणसाच्या तोंडी घर हा शब्द आजच्याच रूपात होता. अजून मागं जायचं तर कार्ल्याच्या चैत्यगृहात जावं. तिथल्या लेखात वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या श्रेष्ठीनं 'सेलघर' पुरं केल्याची नोंद आहे, आणि ते जंबुद्वीपात उत्तम आहे असं त्यानं कोरून ठेवलं. सेलघर म्हणजे शिळेचं घर, खडकातलं घर. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा तो शब्द आजच्या शाळकरी मुलालाही अर्धा कळेल. ज्याला आपण लेणं म्हणतो तो शब्दही राहण्याचाच आहे: लयन, विसाव्याची जागा, त्याचं लेण, आणि मग लेणं. पावसाळ्यात एका ठिकाणी राहणाऱ्या भिक्षूंच्या त्या खोल्या होत्या. सह्याद्रीतल्या सगळ्यात जुन्या भाड्याविना खोल्या म्हणा हवं तर.

इतका जुना, इतका घट्ट शब्द असताना शहरानं त्याला बाजूला ठेवून दुसरे शब्द का घेतले? मला वाटतं, माणसांनी तो शब्द जपून ठेवला. गावाच्या जागेसाठी राखून ठेवला, आणि शहरातल्या जागेला जो शब्द दिला तो नुसत्या आकाराचा दिला.

चाळ म्हणजे ओळ. एकापुढे एक ठेवलेल्या सारख्या खोल्यांची लांब इमारत. शेतकऱ्याची कांदाचाळ तशीच लांबुळकी असते. खोली म्हणजे खोलगट जागा, पोकळी. पाण्याची खोली आणि राहण्याची खोली हा मराठीत एकच शब्द आहे. ब्लॉक म्हणजे ठोकळा, आणि मुंबईच्या मराठीत एका काळी चाळीतून फ्लॅटमध्ये जाणं याला 'ब्लॉकमध्ये जाणं' म्हणत. गाळा म्हणजे दोन खांबांमधली जागा. झोपडपट्टीतली पट्टी ही जमिनीची. यातल्या एकाही शब्दात माणूस नाही. त्यांच्यासमोर बिऱ्हाड ठेवा. बिऱ्हाड म्हणताच नवरा, बायको, पोरं, स्टोव्ह, पाट, पाण्याचा पिंप असा सगळा पसारा येतो, आणि तो पसारा हलणार आहे हेही त्यातच येतं. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं. म्हणूनच 'चाळीत चाळीस बिऱ्हाडं आहेत' असं म्हटलं की ती चाळ एकदम जिवंत होते. खोल्या मोजणारा मालक असतो, बिऱ्हाडं मोजणारा शेजारी.

वाडीची गोष्ट मात्र उलट्या दिशेनं गेली. संस्कृतात वाट म्हणजे कुंपण घातलेली जागा, तिचा वाडा झाला, आणि वाटिकेची वाडी. विदर्भात आजही भाजीपाल्याची, फळझाडांची वाडी असते. गिरगावात फणसवाडी आहे, केळेवाडी आहे. तिथं फणस आणि केळी होती तेव्हा ती नावं पडली. मग चाळी उठल्या, झाडं गेली, आणि वाडी म्हणजे गल्लीतून आत शिरल्यावर लागणारा घरांचा पुंजका असा अर्थ उरला.

'पोटमाळा' या शब्दावर मी जास्त वेळ घालवतो, कारण शहरी घराची अर्धी कहाणी त्याच्यात आहे. एखाद्या गोष्टीच्या आत सामावलेल्या गोष्टीला मराठी 'पोट' लावते: पोटहिस्सा, पोटनियम, पोटजात, पोटभाडेकरू. खोलीच्या आत फळ्या टाकून केलेला दुसरा मजला तो पोटमाळा. कुटुंब वाढलं, मुलाचं लग्न झालं, की नवी जोडी पोटमाळ्यावर. परीक्षेचा अभ्यास पोटमाळ्यावर, बाळंतिणीची खाट खाली, म्हातारा दाराबाहेरच्या सज्जात. भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांनी आपल्या घराचा विचार केला तेव्हा त्यांनाही हाच शब्द लागला. 'स्पार्क' ही संस्था १९८४ साली त्या भागात काम करू लागली. १९८५ साली तिनं फुटपाथवासीयांची मोजणी करून 'वी द इनव्हिजिबल' हा अहवाल काढला, त्याच वर्षी फुटपाथवासीयांविषयीच्या ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला, आणि १९८६ साली 'महिला मिलन' हे या बायकांचं संघटन उभं राहिलं. या बायकांनी आपल्याला हवं तसं घर खऱ्या मापाचं उभारून लोकांना दाखवलं. त्यांच्या घराची उंची १४ फूट होती, कारण पोटमाळ्यावर माणसाला वाकून चालावं लागू नये. ज्यांच्या नावावर वीतभर जागा नव्हती त्यांनी वास्तुरचनाकारांना उंची सांगितली. घराविषयी बोलायला घर असावं लागत नाही, उलट नसलेल्याचं बोलणं जास्त नेमकं असतं.

गावाकडच्या घराचे शब्द या शहरी शब्दांपेक्षा निराळे आहेत. वर्धा-नागपूरकडच्या जुन्या घरात पुढे छपरी असते, आमच्या बोलीत सपरी. छप्परावरून छपरी, छपरीची सपरी. सपरीत पाहुणा बसतो, दुपारी धान्य निवडलं जातं, रात्री खाट पडते. तिच्या मागं माजघर, मग सयपाकघर, मागं वाडी, आणि बाजूला जनावरांचा कोठा. गाव ज्या जमिनीवर वसतं ती पांढरी, कसायची ती काळी. काळी-पांढरी ही जुन्या दप्तरातली जोडी आजही म्हाताऱ्यांच्या तोंडी आहे. हजारो वर्षं मातीच्या भिंती पडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या, राख पडली, शेण पडलं, आणि माणसांच्या वस्तीनं मातीचा रंग फिरला. गावठाण हा शब्द ग्रामस्थानावरून आला आहे, पण मला पांढरी जास्त जवळची वाटते. माणूस राहिल्यानं जमीन बदलते, हे तिच्यात सांगितलेलं आहे.

आमच्याच जिल्ह्यात सेवाग्रामला एक कुटी आहे. गांधीजी १९३६ साली शेगावला आले, तेव्हा त्या गावाचं नाव अजून सेवाग्राम झालेलं नव्हतं. आज ज्या जागेला आपण बापूकुटी म्हणतो ती मुळात मीराबेननं स्वतःसाठी बांधलेली. भिंती मातीच्या, सामान जवळपासचं, हात गावातले. जानेवारी १९७८मध्ये इव्हान इलिच हा विचारवंत तिथं आला, त्या कुटीत बसून राहिला आणि मग कुटी आणि बंगला यांतला फरक त्यानं भाषणात मांडला. त्याच्या म्हणण्याचा आशय असा, की बंगल्यात माणूस सामान साठवतो आणि सामानाच्या सुरक्षिततेसाठी भिंती बांधतो. कुटीत माणसाला राहण्यापुरती जागा असते. तो परदेशी माणूस वर्ध्याच्या मातीत बसून जे बोलला, ते आमच्या सपरीतल्या म्हाताऱ्यांना नवं वाटलं नसतं. पण ते जगाला सांगायला कोणीतरी तिथं जाऊन बसावं लागलं, हे खरं.

सपरीच्या बाजूच्या त्या जनावरांच्या कोठ्यावरून मी आता 'गोष्ट' या शब्दाकडे येतो. इतरत्र ज्याला गोठा म्हणतात त्याचं मूळ 'गोष्ठ', गाई बांधण्याची जागा. गोष्ठावरून 'गोष्ठी' हा शब्द झाला. माणसं जमतात ती बैठक, मंडळी, आणि मग मंडळींमधलं बोलणं. जुन्या मराठीत त्याची 'गोठी' झाली, आणि संस्कृताच्या वळणानं पुन्हा 'गोष्ट'. गोष्ट म्हणजे कथा, हा अर्थ या लांबच्या वाटेनं आलेला आहे. सांजवेळी जनावरं परतायची, दाव्याला बांधली जायची, धारा निघायच्या आणि माणसं तिथं बोलत बसायची. गोष्ट ही वस्तीच्या जागेतूनच जन्मली. म्हणून कोणी घराची गोष्ट सांगतो म्हणाला की मला तो शब्द आपल्या मूळ जागी परतल्यासारखा वाटतो.

चाळीत गोठा नव्हता, पण गॅलरी होती, नाहीतर मधला पॅसेज होता. बीडीडी चाळींचा विचार करा. १९२० साली गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट निघालं आणि वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथं मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. एका चाळीत ८० खोल्या, एक खोली १६० चौरस फुटांची. नळ सामाईक, संडास सामाईक, मधला रस्ता सामाईक. 'सामाईक' हा त्या घरांचा खरा शब्द. त्याच्यामुळे भांडणं झाली आणि त्याच्यामुळेच गोष्टी झाल्या. नळावर रांगेत उभ्या असलेल्या बाईला शेजारणीच्या माहेरचं सगळं ठाऊक असे. पु. ल. देशपांड्यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आली तेव्हा वाचकांना ती लगेच ओळखीची वाटली. त्या गोष्टी आधीच गॅलरीगॅलरीतून सांगितल्या जात होत्या.

सगळ्यांना मात्र ही गॅलरी मिळाली नाही. शहरात खोली शोधणं म्हणजे आडनाव सांगणं. नागपुरात 'किरायाने देणे आहे' अशी पाटी पाहून दार ठोठावलं की पहिला प्रश्न कामधंद्याचा येतो, दुसरा आडनावाचा, आणि आडनावावरून काही कळलं नाही तर तिसरा 'तुम्ही कोणत्या समाजाचे?' बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' या १९६३च्या संग्रहातल्या त्याच नावाच्या कथेत नोकरीच्या गावी निवारा मिळवायला जात लपवावी लागते आणि ती उघडी पडते. साठ वर्षांनंतर त्या कथेचं शीर्षक समजावून सांगावं लागत नाही, याचं मला दुःख आहे आणि रागही आहे. गावात अंतर नकाशावर असायचं: वेशीच्या कडेची वस्ती, तिला जातीचं नाव. डिसेंबर २०२०मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलण्याचा निर्णय घेतला. समतानगर, भीमनगर, ज्योतीनगर, क्रांतीनगर अशी नावं सुचवली. पाटी बदलणं लहान काम आहे असं मी मानत नाही. मुलाला शाळेच्या दाखल्यावर पत्ता लिहायचा असतो, आणि तो पत्ता त्याच्याविषयी त्याच्या आधी बोलतो. पण शहरातल्या पाटीवर कोणतीच जात लिहिलेली नसते, ती दारात विचारली जाते. तिथं शासननिर्णय पोचत नाही.

किराया हा शब्द आमच्याकडे अरबी-फारसीतून हिंदीच्या वाटेनं आला, मुंबई-पुण्याचं भाडं संस्कृतातल्या 'भाटका'वरून. अर्थ एकच. मकान या अरबी शब्दाचा मूळ अर्थ मात्र सांगण्यासारखा आहे: असण्याची जागा. 'मकानमालक' म्हणताना आपण माणसाच्या असण्याच्या जागेचा धनी म्हणून दुसऱ्या कोणाचं नाव घेत असतो.

समुद्रपूरच्या लोकांचं मोठं शहर मुंबई कधीच फारसं नव्हतं. गावाच्या नावात समुद्र असला तरी खरा समुद्र शेकडो किलोमीटर दूर. आमच्या लोकांचं शहर नागपूर, आणि जवळचं हिंगणघाट, जिथं कापसामुळे एकोणिसाव्या शतकातच गिरणी आली. नागपुरात १८७७ साली एम्प्रेस मिल सुरू झाली, आणि मिलच्या व्यवस्थापकाचं, बेझनजी मेहतांचं, नाव इंदोऱ्याजवळच्या बेझनबागेच्या रूपानं अजून पत्त्यावर आहे. पुढं १९३६च्या कायद्यानं नागपूर सुधार प्रन्यास आला. वर्तमानपत्रांत त्याचा 'नासुप्र' झाला. नागपूरची घरभाषा मुंबईहून वेगळी घडली त्यामागं हे प्रन्यासाचं शहर आहे. मुंबईत माणूस खोली मिळवतो, नागपुरात प्लॉट घेतो. तिथं शेतं तुकड्यातुकड्यांनी विकली गेली आणि 'ले-आउट' हा शब्द मराठी झाला: "आमच्या ले-आउटमधी पाणी येत नाही." प्लॉट नियमित झाला की प्रन्यासाचं 'आरएल' नावाचं पत्र मिळतं, लोक म्हणतात "आरएल झालं." मुलीच्या लग्नाच्या बोलणीत मुलाकडचे सांगतात, "आरएल प्लॉट आहे." घर अजून बांधलेलं नसतं, दोन अक्षरं मात्र मिळालेली असतात.

गावात याच्या जोडीचा शब्द आहे घरकुल. चिमणीचं घरकुल, पोरांनी ओल्या मातीत पाय घालून थापलेलं घरकुल, असा हा लाडका, लहान करणारा शब्द. सरकारनं तो योजनेला दिला आणि आता गावोगाव लोक विचारतात, "घरकुलाचा हप्ता आला का?" प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागात २०१६ पासून सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटरचं घर असा हिशेब आहे. २५ चौरस मीटर म्हणजे २६९ चौरस फूट. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसनातही काही वर्षं घराचं माप नेमकं २६९ चौरस फूट होतं. समुद्रपुरात अंगण आहे, कोठा आहे, मागं वाडी आहे, म्हणून तेवढ्या घरात भागतं; मुंबईत दाराबाहेर लिफ्ट आहे. कागदावर दोन्ही मापं एक आहेत.

या कागदांची मराठी मला टोचते. सदनिका, लाभार्थी, संक्रमण शिबिर, आणि या सगळ्यांचा राजा, पात्र. पुनर्विकासाच्या चाळीत माणसं एकमेकांना विचारतात, "तुम्ही पात्र झालात का?" ज्याचा ठरवून दिलेल्या तारखेआधीचा पुरावा सापडत नाही तो अपात्र, मग त्याचा जन्म तिथलाच असला तरी. पात्र म्हणजे भांडं, पात्र म्हणजे योग्य, आणि पात्र म्हणजे नाटकातला माणूस. यादीवाल्यांनी मधला अर्थ घेतला. गोष्ट सांगणाऱ्यांनी तिसरा घ्यावा. तिथं अपात्र कोणी नसतो; जो त्या गल्लीत राहिला तो गोष्टीत येतो.

मुंबईत 'पुकार' या संस्थेनं २००५ पासून तरुण मुलामुलींना आपापल्या वस्तीचा अभ्यास करायला लावला. त्या मुलांनी आपली वस्ती, आपलं पाणी, आपलं घर यांविषयी शेजाऱ्यांना प्रश्न विचारले. असं काम समुद्रपूरसारख्या तालुक्याच्या गावातही व्हावं असं मला मनापासून वाटतं, कारण शहरातल्या घराच्या निम्म्या गोष्टी इथं येऊन सांगितल्या जातात. पोळ्याला, दिवाळीला मुलं परततात. सपरीत बसून पुण्याच्या रूमचं डिपॉझिट, बुटीबोरीच्या कंपनीजवळची सहा जणांची खोली, मालकिणीनं मटण शिजवू न दिल्याचा प्रसंग, हे सगळं बोलून होतं आणि सुटी संपली की विरून जातं. गावातल्या शिक्षकांनी, वाचनालयांनी हे लिहून घ्यावं. मात्र भाषा सुधारू नये. "रूमवर" हा शब्द "निवासस्थानी" असा दुरुस्त झाला तर मुलाची सगळी हकीकत त्याच जागी संपते.

लिहून घेणाऱ्यांनी एका गोष्टीवर विशेष लक्ष ठेवावं असं मी सुचवेन. 'रूमवर'चं 'घरी' कधी होतं, ते पाहावं. लग्न झालं की पुष्कळदा होतं, पण नेहमी नाही. मी ऐकलेल्या बोलण्यांत ते बहुधा मुलांमुळे होतं. नागपुरात जन्मलेली मुलगी शाळेतून घरी येते, तिच्यासाठी दुसरं घर नसतंच. बाप तिच्याशी बोलता बोलता तोच शब्द वापरू लागतो. मग समुद्रपूरसाठी नवा शब्द लागतो, आणि तो 'गावी' असतो. "उन्हाळ्यात गावी जाणार." घराची ई गावाला मिळते. त्याच काळात समुद्रपुरात बसलेली आई मात्र फोनवर विचारत असते, "घरी कधी येनार?" तिच्या वाक्यात अजून काहीच बदललेलं नसतं. एका कुटुंबात काही वर्षं दोन 'घरी' असतात, एक आईच्या वाक्यातलं आणि एक लेकाच्या, आणि फोनवर दोघंही न अडखळता बोलतात.

वरळीच्या बीडीडी चाळींतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शंभर वर्षांच्या खोल्यांमधून लोक उंच मनोऱ्यांत गेले. त्यांतल्या कोणाच्या आजोबांनी ती खोली 'खोलीवर' म्हणून सुरू केली असेल, वडिलांनी 'चाळीत' म्हटलं असेल आणि नातवानं 'घरी' म्हटलं असेल. आता तिथं जाऊन पहिल्या वर्षातच विचारायला हवं. नव्या जागेला लोक टॉवरमध्ये म्हणतात, वर म्हणतात, की किल्ली हातात पडल्या दिवसापासून घरीच म्हणतात, आणि नळावरचं बोलणं आता कुठं होतं, लिफ्टमध्ये की खालच्या बाकावर, हे त्यांच्याच शब्दांत आजच लिहून घेता येईल. दहा वर्षांनी विचारलं तर माणसं सरळ 'घरी' म्हणतील, आणि त्याआधी काय म्हणत होतो ते त्यांना सांगता येणार नाही.